खाली काय, वर काय: प्रवासाचं पट्ट्यांचं चित्रपुस्तक, कामाच्या नोंदी

३ जून

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वाचनगटासाठी प्रवासाच्या साधनांवर एक चित्रपुस्तक हाताने बनवायला घेतलंय. चित्रं मैत्रीण काढतेय, कापणं, चिकटवणं, बांधणी आणि मुलांसोबत बसून वाचणं माझ्याकडे. अजून कुणी असं करायला घेतलं तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून जे जे होतंय ते लिहून ठेवतेय.

वाहनांची तयार पुस्तकं गटात बरीच आहेत. बहुतेकांचा साचा एकच, पांढऱ्या पानावर मधोमध एक वाहन आणि खाली त्याचं नाव. आज चार वर्षांच्या एका मुलाबरोबर त्यातलं एक घेऊन बसले, तो भराभर बस, ट्रक, विमान, बोट म्हणत गेला आणि पुस्तक मिटून मोकळा. नावं सगळी पाठ होती. मी बोटीचं पान परत उघडून विचारलं, ही कुठे चाललीय, तर जरा वेळ बघून म्हणाला "कुठेच नाही." बरोबरच आहे ना, खाली पाणी नाही, आत माणूस नाही, समोर किनारा नाही, मग ती बोट जाणार कुठे.

त्यामुळे पहिली गोष्ट ठरली, वाहन एकटं काढायचंच नाही. ते कशावरून जातं हे प्रत्येक पानावर दिसलं पाहिजे.

६ जून

मैत्रिणीने चार पानं काढली, बस आणि रस्ता, ट्रेन आणि रूळ, बोट आणि पाणी, विमान आणि ढग. चित्रं सुंदर झालीत. पण मुलांसमोर ठेवल्यावर परत तेच, बस, ट्रेन, बोट, विमान, झालं. खालच्या रस्त्याकडे कुणी बघितलंही नाही, कारण तो आपला नेहमीसारखा जिथल्या तिथे होता, बघायचं काय त्यात.

मग एक पान आडवं मधोमध कापलं, वरचा तुकडा बसचा ठेवला आणि खालचा तुकडा बोटीच्या चित्रातला लावला. बस पाण्यावर. चारही मुलं एकदम बोलायला लागली. बुडेल! चाकं भिजतील! ड्रायव्हरला पोहता येतं का? एकाने तर हाताने रस्त्याचा तुकडा ओढून बसखाली सरकवला.

आता पुस्तक असंच होणार. प्रत्येक पान आडवं कापलेलं, वरच्या पट्टीत वाहन, खालच्या पट्टीत वाट, दोन्ही वेगवेगळी उलटायची. आठ वाहनं आणि आठ वाटा घेतल्या तर ६४ जोड्या होतात, चित्रं मात्र सोळाच काढावी लागतात.

१० जून

सामानाची नोंद, कारण इथे बराच वेळ गेला.

साध्या प्रिंटच्या कागदावर जमत नाही, पट्टी अरुंद असल्यामुळे ती उलटताना दुमडते आणि पुन्हा सरळ पडत नाही. २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड) किंवा त्याच्या वरची कार्डशीट घ्या. लॅमिनेशन करून मग कापायचं असा आमचा बेत होता, तो बाद झाला. लॅमिनेट केलेलं पान मधून कापलं की कापलेल्या कडेला प्लास्टिकचे दोन थर सुटायला लागतात आणि छोट्या मुलांची बोटं आधी तिथेच जातात. आधी कापून प्रत्येक पट्टी वेगळी लॅमिनेट केली तर चारी बाजूंनी प्लास्टिकची किनार उरते, मग बसची चाकं आणि रस्ता यांच्यामध्ये फट दिसते, म्हणजे बस हवेत. लॅमिनेशनचे पैसे वाया गेले. शेवटी पुस्तकांना लावतात तो पारदर्शक चिकट कव्हरचा रोल आणला, तो कागदाला पूर्ण चिकटतो त्यामुळे कापलं तरी कड सुटत नाही. हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून स्टीलच्या पट्टीने मधून बाहेर दाबत न्यायचं, घाई केली की सुरकुती पडते आणि ती मग निघत नाही.

कोपरे गोल कापा. हे अजिबात टाळू नका, कार्डशीटचा कव्हर लावलेला कोपरा डोळ्याजवळ गेला तर चांगलाच लागतो.

बांधणी स्पायरलची, डाव्या बाजूला. प्रत्येक पट्टीला निदान पाच-सहा भोकं तरी यायला हवीत, कमी असतील तर पट्टी तिरकी होऊन फाटते.

१३ जून

आज दोन पट्ट्यांचं पहिलं पुस्तक मुलांच्या हातात दिलं.

मला वाटलं होतं मुलं योग्य जोडी लावतील आणि आपण शाबास म्हणू. तसं काही झालं नाही आणि जे झालं ते जास्त चांगलं होतं. मुलांना चुकीच्या जोड्याच हव्या होत्या. ट्रेन रस्त्यावर, सायकल ढगात, बोट रुळांवर. आणि प्रत्येक वेळी "का नाही जाणार?" एवढंच विचारलं की उत्तरं आपोआप येत होती. योग्य जोडीवर कुणीच बोललं नाही, सगळी बोलणी चुकीच्या जोडीवर.

ट्रेन रस्त्यावर का नाही जाणार यावर एका मुलीने "तिला वळता येत नाही" असं सांगितलं. बरोबर बोलली. ट्रेन चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग नसतंच, रूळ नेतील तिकडे गाडी जाते, आणि चाकाच्या आतल्या बाजूला उंच कड असते ती गाडीला रुळावरून घसरू देत नाही. हे नुसतं सांगून मुलांना कळेना, म्हणून दोऱ्याची मोकळी रिळं आणली ज्यांना दोन्ही टोकांना कड असते आणि दोन पट्ट्या समांतर ठेवून त्यावरून घरंगळवली. कड पट्टीला अडते आणि रीळ बाहेर पडत नाही, हे त्यांनी स्वतः बोट लावून बघितलं. पट्टी जरा वाकवली की रीळही वळतं. तेव्हापासून ट्रेनच्या पानावर आलं की आधी चाकाच्या आतली कड शोधली जाते, म्हणून मैत्रिणीला ती ठळक काढायला सांगितली.

१६ जून

बोटीची अडचण. आम्ही सगळी वाहनं अशी काढलीत की चाकं बरोबर कापलेल्या रेषेवर टेकतात. बस, ट्रक, ट्रेन, सायकल सगळ्यांना ते ठीक आहे. पण बोट टेकत नाही, तिचा खालचा भाग पाण्यात असतो. आमची बोट पाण्यावर टेबलावर ठेवल्यासारखी दिसत होती. एका मुलाने विचारलंही, ताई ही भिजत का नाहीये.

याला उपाय सापडला तो असा. पाण्याची पट्टी कार्डशीटची न करता जाड ओएचपी शीटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटची केली, काचेवरच्या निळ्या रंगाने रंगवली आणि तिची वरची कड लाटेसारखी कापून दीड सेंटिमीटर उंच ठेवली. ती पट्टी उलटली की बोटीच्या खालच्या भागावर येऊन बसते आणि निळ्यातून बोटीचं पोट दिसतं. तीच पट्टी बसवर आली की बसची चाकं पाण्याखाली! याचा परिणाम मी इथे लिहून सांगू शकत नाही, मुलांनी ते पान किती वेळ मागेपुढे केलं.

त्रास एकच, ही वर आलेली लाट शेजारच्या पट्टीत अडकते. लाटेची टोकं अणकुचीदार न ठेवता पसरट गोल केली आणि स्पायरलच्या बाजूचे पहिले तीन सेंटिमीटर कड सरळ ठेवली, मग अडकणं बंद झालं.

बोट का तरंगते यावरही बोलणं निघालंच. मातीचा गोळा पाण्यात टाकला, बुडाला. तोच गोळा बाहेर काढून त्याची वाटी केली, तरंगली. माती तेवढीच. एक मुलगी वाटीत एकेक मणी टाकत बसली, वाटी हळूहळू खाली जात होती ते तिने कडेला बोट धरून मोजलं. पाणबुडी कशी बुडते आणि परत वर कशी येते हे सांगायला हाच धागा धरला, तिच्या टाक्यांमध्ये पाणी घेतलं की ती खाली, दाबलेल्या हवेने ते पाणी बाहेर ढकललं की वर. पाणबुडीसाठी पाण्याची वेगळी पट्टी केलीय, पूर्ण वाहन झाकेल एवढी.

२० जून

मजकूर. चित्रावर एखादं वाक्य असावं म्हणजे मोठ्यांनाही वाचून दाखवायला काहीतरी मिळतं. पण पट्ट्या वेगवेगळ्या उलटतात त्यामुळे वाक्यही तुटलं पाहिजे आणि कुठूनही जुळलं पाहिजे. "बस" वर आणि "रस्त्यावरून धावते" खाली असं केलं तर वरच्या पट्टीत ट्रक आल्यावर ट्रक धावते आणि जहाज आल्यावर जहाज धावते. तीन वर्षांच्या मुलांसमोर असं चुकीचं वाचणं मला पटेना. वाचायला बसलेली आज्जी असेल तर ती तिथल्या तिथे सुधारून वाचेल पण छापलेलं बरोबर असायला हवं.

शेवटी क्रियापद वरच नेलं. वर "बस निघाली", "ट्रक निघाला", "जहाज निघालं", आणि खाली "रस्त्यावरून", "रुळांवरून", "पाण्यावरून", "ढगांवरून". "सायकल निघाली... ढगांवरून!" मधे थांबून खालची पट्टी उलटता येते आणि मुलं तो शब्द आपणहून ओरडतात. आवाजही वरच्याच पट्टीत घातले, पों पों, घर्रर्र, भुर्र. आवाजाचं अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं काढलंय, वाचता न येणारी मुलंही त्यावर बोट ठेवून आवाज काढतात.

२४ जून

मुलांना स्वतःचं स्वतः तपासता यावं म्हणून पट्ट्यांच्या मागे रंगीत ठिपके लावले होते, वरचा आणि खालचा ठिपका एकाच रंगाचा असला की जोडी बरोबर. आज सगळे ठिपके काढून टाकले.

कारण विमान. एका मुलाने विमानाखाली रस्ता लावला, ठिपका जुळला नाही, तो हिरमुसला. पण त्याचं बरोबर होतं, विमानाला चाकं असतात, आधी ते धावपट्टीवर पळतं आणि मगच उडतं, उतरतानाही चाकं लागतातच. मग काही विमानं पाण्यावरही उतरतात, त्यांना चाकांच्या जागी होडीसारखे तरंगे असतात. म्हणजे विमानाला तीन वाटा. एका वाहनाला एकच उत्तर असं आम्ही ठिपक्यांनी ठरवून टाकलं होतं आणि खऱ्या जगात तसं नाहीये.

ठिपके गेले ते बरं झालं, आता मुलं एकमेकांशी वाद घालतात आणि ठिपका न बघता चाकं, पंख, पोट बघतात.

२८ जून

आज पाच वर्षांच्या मुलीने ट्रेनचं पान बघून विचारलं "हिची तार कुठाय?" आमच्या मैत्रिणीने सवयीने वाफेचं इंजिन काढलं होतं, धूर वगैरे. बहुतेक चित्रपुस्तकांत ट्रेन म्हणजे वाफेचंच इंजिन असतं. ही मुलगी बसते विजेच्या ट्रेनमध्ये, तिने धूर कधी बघितलेलाच नाही, टपावरचा तो घडीचा सांगाडा आणि वरची तार मात्र रोज बघते. आपण त्याला पँटोग्राफ म्हणतो हे तिला सांगितलं, तिने तो शब्द दिवसभर सगळ्यांना ऐकवला.

वाफेचं इंजिन काढलं नाही, राहू दिलं, त्याच्या जोडीला विजेची आणि डिझेलची अशा दोन ट्रेन वाढवल्या. पण मग तार दाखवायची कुठे? ती वाहनाचा भाग नाही, ती वाटेचा भाग आहे, फक्त वाट वरून जाते.

म्हणजे तिसरी पट्टी हवी. वर काय, मधे कोण, खाली काय.

२ जुलै

तीन पट्ट्यांचं पुस्तक बांधलं. आडवं ए-फोर पान २१ सेंटिमीटर उंच असतं, त्यात वरची ५, मधली ९, खालची ७ अशी मापं घेतली. ७-७-७ करून पाहिलं होतं, वाहन फारच बारीक होतं. वरच्या पट्टीला भोकं कमी येतात म्हणून तिला भोकांच्या रांगेत मागून कापडी टेप लावली.

वरच्या पट्टीत एवढ्या गोष्टी आल्या: मोकळं आकाश, एक तार, दोन तारा, जाड दोरखंड, वरचा रूळ, बोगद्याचं छत, आणि मोठा फुगा.

दोन तारा ट्रॉलीबससाठी. रस्त्यावर चालणारी, रबरी टायरची, पण विजेची बस, तिच्या टपावर दोन दांडे असतात. ट्रॅमला एक तार पुरते आणि बसला दोन का लागतात हे विचारलं जाणार हे माहीत होतं, आणि विचारलं गेलंच. वीज तारेतून येते आणि तिला परत जायलाही वाट लागते, ट्रॅमची वीज लोखंडी रुळांतून परत जाते, ट्रॉलीबसच्या टायरमधून वीज जात नाही म्हणून परतीसाठी दुसरी तार. मी बोटाने वरून खाली आणि पुन्हा मागे असा रस्ता गिरवत सांगितलं, मोठ्या गटातल्या मुलांनी मान डोलावली, छोट्यांना काही कळलं नाही आणि त्यांना आत्ता कळायची गरजही नाही.

दोरखंड रोपवेसाठी. रोपवे म्हणजे फक्त डोंगरावर फिरायला जायचं असं मुलांच्या डोक्यात असतं. बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात २०१४ पासून लोक रोजच्या कामाला, शाळेला रोपवेने जातात, शहर डोंगरउतारावर पसरलंय म्हणून. ते चित्र घातलंय, पाळण्यात दप्तर घेतलेलं मूल आणि खाली घरांची छपरं.

तीन वर्षांच्या मुलांना तीन पट्ट्या झेपत नाहीत. त्या सांभाळण्यातच त्यांचे दोन्ही हात अडकतात आणि चित्र बघणं राहून जातं. त्यांच्यासाठी दोन पट्ट्यांचंच पुस्तक ठेवलंय, तिसरी पट्टी साधारण साडेचार-पाचच्या पुढे.

५ जुलै

वरचा रूळ का घातला ते आज मुलांना दाखवलं. जर्मनीत वुपरटाल नावाच्या गावात १९०१ पासून एक लटकती रेल्वे चालते. रूळ वर, डबे खाली लटकलेले, आणि बराचसा मार्ग वुपर नदीच्या वरून जातो. म्हणजे वर रूळ, मधे ट्रेन, खाली पाणी! महिनाभर जी जोडी आमच्याकडे चुकीची म्हणून हसायची होती ती तिकडे रोजची आहे.

१९५० मध्ये या रेल्वेत सर्कशीच्या जाहिरातीसाठी एका हत्तीच्या पिल्लाला बसवलं होतं. टुफी तिचं नाव. ती बिथरली, डब्याची बाजू तोडून खाली नदीत पडली. मुलांचे चेहरे एकदम पडले, "तिला लागलं?" फार नाही, थोडं खरचटलं, वाचली ती. तरीही एका मुलाने परत परत विचारून खात्री करून घेतली. मग प्रश्न आला, हत्तीला कशातून न्यायला पाहिजे होतं, आणि यावर पंधरा मिनिटं चर्चा चालली. ट्रकमधून नको कारण ट्रक हलतो, बोटीतून चालेल कारण हत्तीला पोहता येतं, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की हत्तीने चालत जावं.

चालत जाणं! आमच्या पुस्तकात पायच नव्हते. बस, ट्रेन, पाणबुडी सगळं आहे आणि ज्याने माणूस सगळ्यात जास्त प्रवास करतो ते नाही. मैत्रिणीला तातडीने कळवलं. "पाय निघाले", चपला, बूट, अनवाणी आणि एक कडेवर बसलेलं बाळ.

९ जुलै

पायांचं पान आल्यावर खालच्या पट्टीत पायऱ्याही आल्या, कारण पायऱ्यांवरून फक्त पायच जातात. त्याच वेळी मधल्या पट्टीत व्हीलचेअर घातली. रस्त्यावर जाते, बोगद्यातून जाते, पायऱ्या लावल्या की अडते. मुलं गप्प झाली, कारण बस पाण्यात बुडते तेव्हा येतं तसं हसू इथे येत नव्हतं, व्हीलचेअरमधला मुलगा पायऱ्यांसमोर थांबलेला दिसत होता.

एका मुलीने खडू घेतला आणि पायऱ्यांच्या चित्रावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली. कव्हरवर खडू नीट उमटत नाही म्हणून ती दाबून दाबून तीच रेघ गिरवत राहिली. "आता जाईल," म्हणाली. कुणीही तिला उतार असा शब्द शिकवला नव्हता.

उताराची पट्टी केली. ती पायऱ्यांच्या लगेच पुढे लावलीय, म्हणजे पायऱ्या आल्या की एकदा उलटलं की उतार. बाबागाडी आणि चाकाची बॅगही आता तिथूनच जातात. खडूची रेघ असलेली पट्टी फेकली नाही, दुसऱ्या प्रतीत तीच लावून ठेवलीय.

१३ जुलै

दोन दुरुस्त्या, दोन्ही चित्रांच्या.

एक, दिशा. काही वाहनं डावीकडे तोंड करून होती, काही उजवीकडे. डावीकडची आली की मुलं म्हणतात "ही परत आली." आपण पान उजवीकडून उलटतो, त्यामुळे उजवीकडे तोंड म्हणजे पुढे जाणं हे त्यांच्या नजरेत बसलेलं असतं. सगळी वाहनं उजवीकडे वळवली. काही फोटोकॉपीत उलटी केली तर बसवरची अक्षरंही उलटी आली, ती हाताने परत लिहावी लागली, हे लक्षात असू द्या.

दोन, आकार. प्रत्येक वाहन नऊ सेंटिमीटरच्या पट्टीत बसवायचं म्हणजे सायकल आणि विमान एकाच मापाचे. एका मुलाला खरंच वाटलं विमान घरात ठेवता येईल. मोठ्यांना हे विचित्र वाटतं पण त्याने विमान फक्त आकाशात लांबून बघितलंय, तिथे ते चिमणीएवढंच दिसतं, त्यात हा आमचा कागद. यावर उपाय म्हणून एकच लाल टोपीवाली मुलगी प्रत्येक चित्रात घातली. सायकलवर ती पूर्ण दिसते, बसच्या खिडकीत डोकं आणि खांदे, विमानाच्या खिडकीत नुसता लाल ठिपका. मुलं आता आधी टोपी शोधतात आणि मग "बापरे केवढं मोठं" म्हणतात.

१८ जुलै

जुनी वाहनं घालावीत की नाही यावर आमच्या दोघींत बरेच दिवस मतभेद होता. मैत्रीण म्हणत होती या वयाला जुनं-नवं कळत नाही. मला वाटत होतं की वर्षं कळणार नाहीत पण वस्तू कळेल. तीन पानं घालून बघितली, दोन चालली आणि एक जरा वेळ घेऊन चाललं.

पहिलं, १८१७ मधली कार्ल ड्रैस यांची लाकडी दुचाकी. तिला पेडलच नव्हतं, पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. मोठ्यांना समजावून सांगावं लागतं, मुलांना नाही, कारण त्यातल्या निम्म्या मुलांकडे तशीच बिनपेडलची छोटी सायकल आहे. "माझ्यासारखी!" म्हणून लगेच ओळखली.

दुसरं, १७८३ मधला माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा, ज्यात माणसाच्या आधी मेंढी, बदक आणि कोंबडा बसून वर गेले आणि सुखरूप खाली आले. वरची पट्टी फुगा, मधे तिघं प्राणी, खाली ढग. बदकाला उडता येतं मग ते का बसलं हा प्रश्न अजून चालूच आहे.

तिसरं, राइट बंधूंचं विमान. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं आणि १२० फुटांचं. या विमानाला चाकं नव्हती, खाली लाकडी घसरपट्ट्या होत्या आणि उडण्याआधी ते जमिनीवर टाकलेल्या एका लांब रुळावरून पळत गेलं. हे मला या पुस्तकासाठीच वाचताना नीट कळलं आणि फार आवडलं, विमान आणि रूळ ही जोडी पहिल्या दिवसापासून आमच्याकडे चूक होती! पण नुसतं सांगून मुलांना त्यात काही वाटलं नाही. मग सगळ्यांनी हात पसरून पळायचं आणि मी १२ पर्यंत मोजेपर्यंतच पळायचं असं केलं. "एवढंच?" एवढंच. त्यानंतर त्या पानाची मागणी सुरू झाली, पान उघडलं की आधी मोजणी.

२३ जुलै

मुलांनीच आता उलट प्रश्न काढायला सुरुवात केलीय, असं काही आहे का जे रस्त्यावर आणि पाण्यावर दोन्हीकडे जातं. होव्हरक्राफ्ट सांगितलं. खाली पंख्याने हवा दाबून त्या हवेवरच ते सरकतं, म्हणून त्याला पाणी काय आणि सपाट किनारा काय, दोन्ही चालतं. १९५९ मध्ये अशा एकाने इंग्लिश खाडी पार केली होती. जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचं उघड-बंद करता येणारं झाकण चिकटवलं, त्यावर फुगवलेला फुगा चढवला आणि झाकण उघडलं, सीडी फरशीवरून अलगद सरकत गेली. झाकण चिकटवताना चारी बाजूंनी नीट बंद झालं पाहिजे, जराशी फट राहिली की हवा बाजूने जाते आणि सीडी जागची हलत नाही.

आणि ट्रेन पाण्यावरून जाते का, याला वुपरटालशिवाय आणखी एक उत्तर मिळालं. इटलीच्या मुख्य भूमीवरून सिसिली बेटावर जाणाऱ्या काही ट्रेन मेसिनाच्या सामुद्रधुनीत जहाजात चढतात, जहाजाच्या पोटात रूळ आहेत, डबे वेगळे करून आत ओढून घेतात आणि पलीकडे जाऊन पुन्हा जोडतात. यासाठी मोठ्या जहाजाच्या पट्टीला पोटाशी एक छोटी खिडकी कापली आणि मागे कागदी खिसा लावला, त्यात छोटी ट्रेन किंवा बस सरकवता येते. पहिल्या दिवशी बसवरून जे सुरू झालं होतं, ती बुडेल म्हणून ओरडणारा मुलगाच आज बस खिशात घालून पाण्यावरून घेऊन गेला.

खिसा चिकटवताना डिंक कमी लावा, जास्त झाला की कार्डशीट वाकते. वाकलीच तर वजनाखाली रात्रभर ठेवा.

३० जुलै

झीज. पहिल्या प्रतीची पाण्याची पट्टी लाटेच्या टोकाला चिरली, तिथे पारदर्शक टेप लावली पण दिसते. दुसऱ्या प्रतीत शीट आणखी जाड घेतली. स्पायरलची वरची दोन वेटोळी मुलांनी ओढून सरळ केली, तिचं टोक बोचतं, ते आत वळवून वर टेप गुंडाळलीय. वरच्या पट्ट्यांची कापडी टेप अजून शाबूत आहे. कोपऱ्यांना चावण्याच्या खुणा आहेत, म्हणजे तीनच्या आतली भावंडंही वाचतायत, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याचं वेगळं करायला हवं, या पुस्तकाच्या काचेवरच्या रंगाजवळ त्यांना बसू देऊ नका.

लिफ्टचं पान बाकी आहे. दोन मुलांनी मागितलंय. वर दोरखंड आहेच, पण लिफ्ट उजवीकडे जात नाही, वर-खाली जाते, आणि आमच्या पट्ट्या उलटतात त्या फक्त आडव्या. खाच पाडून वर-खाली सरकणारा तुकडा बसवायचा विचार चालू आहे.

साचे दोन्ही मापांत काढून ठेवलेत. कुणी बनवायला घेतलं तर सुरुवात पाण्याच्या पट्टीपासून करा, तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो, काचेवरचा रंग पूर्ण वाळायला एक अख्खी रात्र द्यावी लागते आणि ओल्या रंगावर कव्हर लावलं तर ते आतून पांढरं पडतं.